दोन तालुक्यांमधला माळ

विशे सरांनी लाकडी पट्टी पाकिटाच्या कडेत घातली आणि एका दमात पाकीट फाडलं. वर नाव टाइप केलं होतं, कु. सोनाली हिंदोळे. त्याखाली 'द्वारा, राज्यशास्त्र विभाग'. आता राज्यशास्त्र विभाग म्हणजे कोण? एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा आणि स्वतः प्राध्यापक हरेश विशे. म्हणजे पाकीट एका अर्थी आपल्यालाच आलंय, असं म्हणायला जागा होती. सरांनी तेवढी जागा घेतली.

शिपाई कोंडू दारातच रेंगाळत होता.

"दिल्लीचं ना सर? झालं वाटतं तुमचं काम."

"बघू," सर म्हणाले. कोंडू गेल्यावर त्यांनी पत्र वाचलं, आणि मग खुर्चीत टेकून बसले.

पत्र इंग्रजीत होतं, एकच पान. एप्रिलअखेर अंटार्क्टिका करारातल्या देशांची बैठक दिल्लीत भरणार होती. तिच्या आधी तिथली एक संस्था दोन दिवसांचं चर्चासत्र घेत होती, त्यासाठी देशभरातून नऊ निबंध निवडले होते, आणि त्यांतला एक शहापूर तालुक्यातल्या तृतीय वर्षाच्या सोनाली हिंदोळेचा होता. वीस मिनिटं, गुरुवारी सकाळी. शेवटी एक ओळ होती: विद्यार्थिनीला येणं शक्य नसल्यास तिच्या मार्गदर्शकांनी निबंध वाचला तरी चालेल, महिनाअखेरपर्यंत कळवावं.

सरांच्या खणात त्याच संस्थेचं आणखी एक पत्र होतं. ते आठ दिवसांपूर्वी आलं होतं, सरांच्या नावानं. दोन ओळींचं. आपण रस दाखवलात त्याबद्दल आभार, वगैरे.

सोळा वर्षं! एक्क्याण्णव साली विशे सरांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, विषय 'अंटार्क्टिका करार आणि महासत्तांचे परराष्ट्र धोरण'. तेव्हा लोक हसले. सापगावचा कुणब्याचा पोरगा, भाताशिवाय काही पाहिलं नाही, आणि हा दक्षिण ध्रुवावर काय लिहिणार? पुढे नोंदणी दोनदा रद्द झाली, मार्गदर्शक निवृत्त झाले, मग वारले. प्रबंध चारशे पानांवर जाऊन बसला. कॉलेजात पोरं त्यांना बर्फाचे सर म्हणत. सर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण मनातून त्यांना ते आवडायचं. निदान या दोन तालुक्यांत तरी बर्फ आपला आहे, असं त्यांना वाटत असे.

आणि गंमत अशी की सोनालीचा निबंध त्यांनीच पाठवला होता. शिक्षकाच्या निबंधाबरोबर एका विद्यार्थ्याचा जोडायचा, असा नियम होता. वर्गात ही पोरगी तेवढी वेळेवर वह्या द्यायची, म्हणून तिला सांगितलं. तिनं साडेतीन पानं आणून दिली, सरांनी न वाचता सही ठोकली. तिचा नसता तर त्यांचाही गेला नसता.

आता त्यांनी ती प्रत फायलीतून काढली. मोडकं इंग्रजी होतं. पण पहिल्याच परिच्छेदात सर अडकले. आमच्या वाडीच्या वर एक माळ आहे, तिनं लिहिलं होतं. तो आमचा आहे असं आम्ही म्हणतो आणि पलीकडच्या खैरवाडीचे लोक म्हणतात त्यांचा आहे. आमची वाडी शहापूर तालुक्यात, त्यांची मुरबाड तालुक्यात. फार जुन्या काळी यावरून डोकी फुटली. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की कोणी हक्क सोडायचा नाही आणि कोणी नवा सांगायचाही नाही. माळ नांगरायचा नाही, तोडायचा नाही. गवत दोघांनी निम्मं घ्यायचं. आणि कोणीही कोणाच्याही घरी कधीही पाहणीला जाऊ शकेल. अंटार्क्टिका करारात याहून वेगळं मला काही सापडलं नाही.

करारातलं चौथं कलम समजावायला सरांना अकरा पानं लागली होती. ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांनी एकाच तुकड्यावर सांगितलेला हक्क, अमेरिकेनं आणि रशियानं काही न मागता काही न सोडणं, सगळं टिपांसकट. ते सगळं या पोरीनं सहा ओळींत उरकलं होतं.

सर जळले. याला दुसरा शब्द नाही. छातीत, घशात, कानांच्या पाळ्यांपर्यंत जळले. हिला काय करावं लागलं? नुसतं त्या वाडीत जन्माला यावं लागलं.

दुपारी सोनाली दारात आली. बारीक अंगाची, ओढणी खांद्यावर पिन लावून घट्ट बसवलेली.

"सर, दिल्लीचं काय कळलं का?"

"नाही अजून."

"उशीर करतात ना."

"अशा कामांना वेळ लागतो."

ती वळली, तशी सरांनी हाक मारली.

"तो माळ खरंच आहे का गं? का निबंधासाठी रचलास?"

"आहे ना सर. होळीच्या आधी पाहणीच असते. या तुमी. आजा सगळं दाखवील."

"बाहेरच्या माणसाला चालतं?"

"कोणालाबी चालतं. पण मग आजा तुमच्याकडं पाहणीला येईल." ती हसली. "तसाच नेम आहे."

सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. माळ खोटा निघाला तर, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात चालला होता. निदान अर्धा तरी खोटा निघावा.

पुढच्या रविवारी ते निघाले. सापगावहून शेणव्यापर्यंत जीप, पुढे दुसरी जीप, आणि मग तासभर चढ. पायथ्याशी सोनाली थांबली होती. ती भराभर चढत होती आणि मागे वळून, सरांना धाप लागलेली पाहून, मुद्दाम कुठल्यातरी झाडाचं नाव सांगत थांबत होती. सरांना तिचा तोही राग आला.

सोनालीचा आजा कमळू सत्तरीचा असेल. त्यानं सरांना अंगणात खाटेवर बसवलं आणि बायकोला हाक दिली. बाईजा नागलीची भाकर आणि उडदाची आमटी घेऊन आली.

"मी पाहणीला आलोय," सर म्हणाले. "जेवायला नाही."

"आधी खा," कमळू म्हणाला. "उपाशी माणूस पाहणीला आला ना, का त्याला सगळीकडं चोरीच दिसतं."

सर जेवले. मग कमळूनं त्यांना घरात नेलं. भाताची कणगी, पितळी डबा, पेटी, कोपऱ्यातलं बोचकं, एकेका वस्तूपाशी तो उभा राही आणि वाट बघे. सरांनी पेटीच्या कडीला हात घातला, तसं त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"हात लावायचा नाय. इचारायचं. मी सांगणार."

"मग ती पाहणी कसली? तुम्ही खोटं सांगितलं तर?"

कमळूनं बाईजाकडे पाहिलं. सर काय म्हणाले ते त्याला नीट कळलं नव्हतं.

"कशाला?" त्यानं विचारलं.

सरांना हसू आलं. करारातल्या पाहणीवर त्यांचं एक अख्खं प्रकरण होतं. अमेरिकन लोक रशियन तळावर जाऊन काय काय तपासत, कुठल्या खोल्या उघडायला लावत, याच्या याद्या त्यांनी जमवल्या होत्या. आणि इथे म्हणे नुसतं विचारायचं.

घरामागे पानांसकट तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता. भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायची, त्या राबासाठी टहाळ रचला होता.

"हा कुठला?" सरांनी विचारलं.

"ह्यातला अर्धा माळावरचा. दोन ऐनाची झाडं बोडवली."

"माळावरचा?" सरांचा आवाज चढला. "म्हणजे नेम मोडलात की तुम्ही."

"मोडला. राबाला कमी पडत होता."

सापडलं, सरांना वाटलं. असा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. निबंधात माळ तोडायचा नाही असं लिहिलंय, आणि लिहिणारीचा आजाच तोडतोय.

"पकडलं कोणी? खैरवाडीवाल्यांनी?"

"कोण पकडणार? पहाटेचा गेलो होतो. कुत्रं पण नव्हतं."

"मग त्यांना कळलं कसं?"

"मागल्या आठवड्यात त्यांची पाहणी आली. टहाळ कुठला म्हणून इचारलं. सांगितलं."

"पण कोणीच पाहिलं नव्हतं ना?"

"मी होतो ना तिथं," कमळू म्हणाला.

त्यानं अंगणाच्या टोकाला बोट केलं. तिथं जमिनीत एक खांब रोवलेला होता आणि त्याच्याभोवती गोल, पिवळी पडलेली जागा होती. गवताची गंजी तिथं असायची.

"मोडंल त्याचा वाटा दुसऱ्याला. ह्या सालाचं माझं गवत खैरवाडीला गेलं. परवा येऊन बांधून नेलं त्यांनी."

"सगळं?"

"सगळंच्या सगळं," बाईजा मधेच बोलली. "बैलांना आता नुसता पेंढा. निम्मं दिलं असतं तरी चाललं असतं, पर म्हाताऱ्याला अक्कल नाय."

"निम्म्याचं तुला कोणी सांगितलं?" कमळू तिला म्हणाला. मग सरांकडे वळला. "किती द्यायचा ते कोणी सांगत नाय सर. पंच नाय, कोरट नाय. ज्यानं मोडलं त्यानं ठरवायचं. मग झोप लागायला पायजे, येवढंच."

मग ते माळावर गेले. गवत कापून झालेलं, नुसते खुंट राहिलेले. एका बाजूला खाली शहापूरची शेतं दिसत होती, दुसऱ्या बाजूला मुरबाडची. माळावर मोजणीचे दोन दगड होते. एक शहापूरच्या मोजणीदारांनी बसवलेला, त्याच्या हिशेबानं सगळा माळ शहापुरात. दुसरा मुरबाडच्या मोजणीदारांचा, त्याच्या हिशेबानं सगळा माळ मुरबाडात. दोन्ही दगडांना कोणीतरी चुना लावला होता.

"दोन्ही खरे?" सरांनी विचारलं.

"ते त्यांचं म्हणणं. आमचं आमचं म्हणणं. भांडण मिटलेलं नाय. हाये तिथंच हाये. नुसतं थांबवून ठेवलंय."

सर बराच वेळ तिथं उभे राहिले. त्यांना खोट काढायची होती आणि ती निघालीही होती, पण तिचा उपयोग कसा करायचा हे कळत नव्हतं. मोडलेला नेम निबंधाला उलट बळकटीच देत होता. आणि हे तिनं लिहिलंच नव्हतं! तिला ते लिहिण्यासारखं वाटलंही नसेल. घरातली रोजची गोष्ट. सर चारशे पानं जे चाचपडत राहिले, त्याच्यावरच ही पोरगी बसून भाकर खात होती. त्यांना ते सहन होईना.

निघताना कमळूनं विचारलं, "आता आमी कधी यायचं?"

"कुठे?"

"तुमच्याकडं. तुमी आलात, आता आमी."

"या की कधीही," सर म्हणाले, आणि उताराला लागले.

सोमवारी त्यांनी दिल्लीला पत्र टाकलं. घरगुती अडचणीमुळे कु. हिंदोळे हिला येणं शक्य नाही. मार्गदर्शक या नात्यानं निबंध मी वाचीन. निबंधाला मी जागेवर जाऊन केलेल्या पाहणीची जोड देता येईल. ही शेवटची ओळ लिहिताना त्यांना बरंच हलकं वाटलं. आपणही कष्ट घेतलेच की. चढ काय कमी होता?

आठ दिवसांत होकार आला. सर सुट्टी घेऊन कल्याणला गेले आणि तिकीट काढून आले. ते आणि सोनालीचं पाकीट त्यांनी घरच्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. घरी रेश्माला, बायकोला, एवढंच सांगितलं की दिल्लीला बोलावणं आहे. तिनं पुढचं काही विचारलं नाही, पण दोन दिवसांत सगळ्या सापगावाला कळलं. किराणावाला अनिल, जो सरांना रोज "काय सर, बर्फ वितळला का" म्हणून डिवचायचा, तो त्यांना बघून स्वतःहून दुकानाच्या पायऱ्या उतरून खाली आला. रेश्मानं त्यांच्यासाठी दोन सदरे शिवायला टाकले. एकाला तिला जरा महागातलं कापड घ्यायचं होतं, ते तिनं घेतलं.

कॉलेजात सोनाली दर चार दिवसांनी विचारून जायची. मग तिनं विचारणं बंद केलं. ते सरांना जास्त लागलं.

होळी होऊन दोन रविवार झाले असतील. सर अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते, तेवढ्यात फाटक वाजलं. कमळू होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मागे बाईजा, तिच्या हातात फडक्यात बांधलेली काकडी, आणि तिच्यामागे सोनाली.

"पाहणीला आलो," कमळू म्हणाला.

सर उठले.

"आधी खायचं ना?" रेश्मा आतून येत म्हणाली. तिला सरांनी त्या दिवशीची गंमत म्हणून सगळा नेम सांगितला होता. "बसा, पोहे टाकते. मला पण बघायची तुमची पाहणी. ह्यांच्या खोलीतला पसारा तरी बघेल कोणी."

ती बाईजाला आणि सोनालीला स्वयंपाकघरात घेऊन गेली. सर कमळूसमोर बसले. आतलं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुझे सर दिल्लीला चाललेत, माहिती का?" रेश्मा सांगत होती. "ते बर्फाचं सगळ्या देशांचं असतं ना, तिथं. सोळा वर्षांनी देवानं डोळे उघडले बाई."

सरांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

मग सोनाली बाहेर आली. धावतच आली.

"सर, तुमचा आला? तुमी सांगितलं पण नाय!" तिचा चेहरा उजळलेला होता. "मला वाटलंच होतं. माझं काय, साडेतीन पानं. तुमची सोळा वर्षं हायेत त्याच्यात."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ते शोधत होते. कुठेतरी, डोळ्यांच्या कोपऱ्यात, ओठांच्या कडेला, थोडी तरी जळजळ असेल. असायलाच हवी होती. तिच्या जागी ते असते तर. पण तसलं काही नव्हतंच. तिला आनंद झाला होता, बस. सरांना मत्सर नवा नव्हता, पण एवढा कडवट त्यांना कधी वाटला नव्हता. ही गोष्टही तिच्याकडे होती आणि त्यांच्याकडे नव्हती.

पोहे खाऊन झाल्यावर कमळू उठला. स्वयंपाकघरापासून सुरुवात झाली. डाळींचे डबे, गॅसच्या टाकीमागची पिशवी. रेश्मा हसत हसत सांगत होती. "ह्यात साबुदाणा. ह्यात काय आहे मलाच आठवत नाय. थांबा, हां, ह्यात सासूबाईंच्या बांगड्या." कमळू प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि पुढे सरकायचा. तो अजिबात हसत नव्हता.

मग ते सरांच्या खोलीत आले. टेबलावर प्रबंधाचे गठ्ठे दोरीनं बांधलेले.

"हे काय?"

"माझं पुस्तक. झालेलं नाही अजून."

कमळूनं मान हलवली. लोखंडी कपाटात कपडे, वर्तमानपत्रांची कात्रणं. तीही झाली. राहिला टेबलाचा खण. त्याला कुलूप होतं.

"ह्यात काय?"

"कागद," सर म्हणाले.

"कसले?"

रेश्मा दाराला टेकून उभी होती. सोनाली तिच्या बाजूला, रिकाम्या बशा हातात घेऊन. बाईजा खाली बसली होती, पाय दुखत असावेत. खणात जुनी बिलं आहेत, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यानं हात लावला नसता. सर सांगतील ते तो धरून चालला असता, आणि मान हलवून बाहेर गेला असता. सरांना त्या मान हलवण्याची भीती वाटली.

"ह्यात सोनालीचं पत्र आहे," ते म्हणाले. "दिल्लीचं. तिचा निबंध निवडलाय, माझा नाही. दोन महिने होत आले. मी दिलं नाही."

बशा एकमेकांवर घासल्याचा आवाज झाला.

"अजून?" कमळूनं विचारलं.

"तिकीट."

"कुणाचं?"

"माझं. तिच्याऐवजी मी वाचणार होतो."

"बरं," कमळू म्हणाला. टहाळाचं सांगताना जसा त्याचा आवाज होता, तसाच आताही होता. तो वळून बाहेर आला, टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली आणि रेश्माकडे पाणी मागितलं. रेश्मा जागची हलली नाही. शेवटी बाईजाच उठली आणि माठातून तांब्या भरून आणला.

सरांनी खण उघडला, पाकीट काढलं आणि सोनालीसमोर धरलं. तिनं बशा टेबलावर ठेवल्या, पाकीट घेतलं. फाडलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. पत्र तिथे वाचलं नाही, ओढणीखाली धरून ठेवलं.

"माझ्या वाट्याचं काय?" सरांनी बाहेर येऊन कमळूला विचारलं. "काय करायचं मी?"

"ते आमी नाय सांगत," कमळू म्हणाला.

फाटकापाशी सोनाली थांबली. सरांकडे न बघता म्हणाली, "सर, तुमी विचारलं असतं ना, वाचू का म्हणून, तर मी हो म्हटलं असतं." आणि आज्याच्या मागे निघून गेली.

त्या दिवशी रेश्मानं नव्या सदऱ्यांची पिशवी कपाटाच्या सगळ्यात खाली सरकवली. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

सोमवारी सर कॉलेजात पोचले तेव्हा ऑफिस अजून उघडायचं होतं. कोंडूनं दार उघडल्यावर त्यांनी फोन जवळ ओढला. निम्मं द्यायचं म्हटलं तरी देता आलं असतं. तिला दहा मिनिटं, आपल्याला दहा. संस्थेनं नाही म्हटलं नसतं. प्रवासात सोबत लागेल, पोरगी पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार, असंही सांगता आलं असतं. एस.टी.त बसल्यापासून सर हेच घोकत होते, आणि प्रत्येक वेळी ते जास्त बरोबर वाटत होतं.

पलीकडे एक बाई होत्या, इंग्रजीत बोलणाऱ्या, आवाज मोकळा. सरांनी नाव सांगितलं. निबंध वाचायला कु. हिंदोळे स्वतः येईल, मी येणार नाही, असं सांगितलं. बाईंना बरंच वाटलं. आम्हाला तिलाच ऐकायचं होतं, त्या म्हणाल्या. तुमच्या पत्रावरून वाईट वाटलं होतं. म्हणजे आता तिच्या घरची अडचण दूर झाली तर?

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. पोरं यायला लागली होती. 'हो' म्हटलं की संपत होतं.

"अडचण तिच्या घरची नव्हती मॅडम," ते म्हणाले. "माझी होती."

त्या बाईंनी तिकिटासाठी मुलीचं पूर्ण नाव आणि वय विचारलं, आणि विशे सर ते सांगू लागले.